तूर ते सोम्यूर आणि परत: सपाट रस्त्यावरचा वारा

माझं आजवरचं सगळं सायकलिंग चढाचं. घाट चढायचा, वर पोचलं की पाणी प्यायचं, दोन फोटो काढायचे आणि मग पाय थांबवून उतारावरून मस्त खाली यायचं, याला मी सायकलिंग म्हणायचे. त्यामुळे फ्रान्समध्ये तूरला राहणारा माझा धाकटा भाऊ जेव्हा म्हणाला की ताई तू सप्टेंबरमध्ये येतेच आहेस तर दोन दिवस ल्वार नदीच्या काठाने सोम्यूरला जाऊन येऊ, रोड बाईकवर, सगळा सपाट रस्ता आहे, तेव्हा मी लगेच मनात हिशोब करून टाकला. जाताना पंच्याहत्तर किमी, येताना दुसऱ्या काठाने सत्तर, चढ जवळजवळ नाहीच, म्हणजे आरामात होणार. तो हिशोब कुठे चुकला ते मला सविस्तर लिहायचंय, कारण सपाट म्हणजे सोपं असं समजणारी मी एकटी नसणार.

आधी रस्त्याबद्दल थोडं. ल्वारच्या काठाने ‘ल्वार आ व्हेलो’ नावाचा सायकलचा मार्ग आखलेला आहे, साधारण ९०० किमीचा, नदीच्या वरच्या अंगाच्या क्युफी गावापासून थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत. याचा बराचसा भाग युरोव्हेलो ६ या युरोपातल्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गातही मोडतो, तो मार्ग तर अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. पाट्या इतक्या व्यवस्थित आहेत की नकाशा फारसा उघडावा लागत नाही. फक्त सगळीकडे डांबर नाही, मधेमधे दाबून बसवलेली चुनखडीची पांढरी माती येते. कोरड्यात ती छान असते, ओल्यात चिकटते. म्हणून भावाने दोन्ही सायकलींना २८ मिमीचे टायर चढवले होते आणि हवा मुद्दाम थोडी कमी ठेवली होती. माझ्या सीटची उंची, हँडलची रीच म्हणजे सीटपासूनचं अंतर, यात त्याने आदल्या संध्याकाळी पाऊण तास घालवला. मला तेव्हा वाटलं किती बारकाईने करतोय हा, एवढं काय त्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

सकाळी साडेआठला निघालो तर शेर नदीवर दाट धुकं. शेर ही ल्वारची उपनदी, तूर शहर या दोघींच्या मधे वसलंय, आणि सायकलचा मार्ग आधी शेरच्या काठाने साव्होनियेरवरून व्हिलांद्रीला जातो. हवा एकदम स्तब्ध, गवतावर दव, समोरचा भाऊसुद्धा पन्नास मीटरवर गेला की पुसट व्हायचा. दोघांच्याही मागे लाल दिवा चालू होता. रिफ्लेक्टिव्ह जॅकेटही घातलं होतं, गावाबाहेर रात्री किंवा असं कमी दिसत असताना ते तिथे कायद्यानेच घालावं लागतं. पहिले वीस किमी मी गप्पा मारत चोवीस-पंचवीसच्या स्पीडने आले आणि मनात म्हटलं, हे तर काहीच नाही.

व्हिलांद्रीच्या पुढे रस्ता ल्वारच्या बांधावर चढला. हे बांध फार जुने आहेत, बाराव्या शतकापासून पूर अडवायला बांधत आणलेले, आणि तरीही १८४६, १८५६ आणि १८६६ साली नदीने ते फोडले. काठच्या गावांमध्ये घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण कोरलेली दिसते, शेजारी साल. मी एका खुणेपाशी सायकल लावून उभी राहिले तर खूण माझ्या डोक्याच्या वर. आणि समोर नदी बघावी तर सप्टेंबरातली, उथळ, मधे वाळूची लांबच लांब बेटं, त्यावर बगळे. एवढ्या शांत नदीने हे केलं असेल असं वाटत नाही. ल्वार फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किमीच्या वर, पण मोठ्या बोटी चालतील एवढं पाणी तिच्यात वर्षभर नसतं, म्हणून हा पट्टा अजून बराचसा मोकळा राहिलाय.

तर बांध. बांध म्हणजे शेतांच्या वर पाच-सात मीटर उचललेला रस्ता, एका बाजूला नदी, एका बाजूला खाली मका, पॉपलरची लावलेली झाडं, मधेच एखादं गाव. साडेदहाच्या सुमारास धुकं विरलं, ऊन आलं, खूप सुंदर दिसायला लागलं सगळं, आणि त्या उन्हाबरोबरच वारा सुरू झाला. समोरून. आधी मला वाटलं ब्रेक घासतोय, खरंच उतरून मागचं चाक फिरवून बघितलं. चाक मोकळं होतं. सायकलच्या कॉम्प्युटरवर स्पीड सोळा.

“ताई, ब्रेक नाहीये गं, वारा आहे,” भाऊ म्हणाला. “इथे चढ नाही ना, मग हाच चढ.”

मला वाऱ्याचं गणित पुस्तकात माहीत होतं, पायांना माहीत नव्हतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे हवा शांत असताना ताशी २० ने जाताना जेवढा विरोध होतो, तेवढ्याच स्पीडने समोरून २० चा वारा असेल तर विरोध चौपट, कारण हवेच्या दृष्टीने तुम्ही ४० ने जाताय. त्या दिवशी वारा पंचवीसच्या आसपास होता आणि मधे झोत त्याहून जोरात. आणि घाटातला चढ आणि हा चढ यात जो फरक आहे तो मला सगळ्यात जास्त जाणवला. घाटाला वळण असतं, वर कुठेतरी खिंड दिसते, तिथे संपणार हे मनाला कळतं. इथे समोर दोन किमी सरळ रस्ता दिसतो, तिकडे पोचलं की पुढे अजून दोन किमी तसाच. आणि पाय थांबवले की सायकल थांबते. अक्षरशः चार-पाच सेकंदात स्पीड निम्मा. उतारावर मिळणारी विश्रांती नाही म्हणजे तासभर सलग पेडल, एकाच पोझिशनमध्ये, एकाच स्नायूंवर. तासाभराने माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, मान दुखायला लागली, आणि बसायच्या जागेबद्दल तर बोलायलाच नको. चढावर आपण नकळत उभे राहतो, सरकतो, हात बदलतो, सपाटीवर ते आपोआप होत नाही, मुद्दाम करावं लागतं. भावाने नियम घालून दिला की दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस पेडल उभं राहून मारायची, दमलेली असलीस नसलीस तरी, आणि हात आळीपाळीने हँडलच्या वर, हुडवर म्हणजे ब्रेकच्या मुठीवर, आणि ड्रॉपमध्ये म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात. खाली ड्रॉपमध्ये वाकलं की वारा खरोखर कमी लागतो, पण सवय नसेल तर पाठ दहा मिनिटांत बोलायला लागते. आदल्या संध्याकाळचा तो पाऊण तास याच्यासाठी होता.

मग त्याने मला चाकाला लागायला शिकवलं. हे मी आधी कधी केलंच नव्हतं, चढावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पुढच्याच्या मागे अगदी जवळ राहिलं की त्याने फोडलेली हवा आपल्याला मिळते आणि कष्ट पाव ते एक तृतीयांश वाचतात, नीट जमलं तर त्याहूनही थोडे जास्त. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तीस-चाळीस सेंटीमीटरवर दुसऱ्याचं मागचं चाक असताना पोटात गोळा येतो, आणि भीतीने मी सतत ब्रेक टिचकत होते, मग मागे पडत होते, मग गाठायला दुप्पट जोर लावत होते.

“चाक बघू नकोस, माझे खांदे बघ, आणि खांद्यावरून पुढचा रस्ता बघ. ब्रेक नको मारूस, जवळ आलीस तर जरा बाजूला वाऱ्यात ये, वाराच तुला हळू करेल.”

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. खरंच, बाजूला एक वीत सरकलं की वारा आपोआप मागे ढकलतो, परत आत सरकलं की शांत. पाऊण तासात अंदाज यायला लागला. मग त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. नदीला वळण आलं की बांधही वळतो, आणि समोरचा वारा तिरका होतो. वारा डाव्या-पुढच्या बाजूने येत असेल तर आडोसा अगदी मागे नसतो, उजवीकडे मागे असतो, म्हणून तिरकी रांग करावी लागते. टूर द फ्रान्समध्ये वाऱ्याच्या दिवशी अशाच तिरक्या रांगा होतात आणि रांगेत जागा मिळाली नाही त्याचं काही खरं नसतं. २०१३ ला तर तूरहूनच सुटलेल्या सपाट टप्प्यावर असं झालं होतं, वाऱ्याने अख्खा घोळका तुकड्यातुकड्यांत फाटला, डोंगर नसताना मोठमोठे रायडर मिनिटांनी मागे पडले. टीव्हीवर बघताना मला कळायचं नाही की सपाट रस्त्यावर एवढं काय होतं. आम्ही अर्थात गाडीचा आवाज आला की लगेच एकामागे एक व्हायचो. फ्रान्समध्ये दोघांना शेजारी चालवायची परवानगी आहे पण मागून गाडी पुढे जायला बघत असेल तर एका रांगेत यावं लागतं, आणि गाडीवाल्याने गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडून जायचं असतं. बहुतेक जण सोडत होते, काही तर मागे शांतपणे थांबून राहायचे, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटलं.

ब्रेएमाँ गेलं, उस्सेचा पांढरा किल्ला झाडीच्या कडेला दिसला, आणि त्याच्या पुढे माझं इंजिन बंद पडलं. चूक माझी, भूक लागली नाही म्हणून मी खाल्लं नव्हतं. घाटात दर चढाच्या शेवटी थांबणं होतं आणि थांबलं की खाणं होतं. इथे थांबायला निमित्तच येत नाही, त्यामुळे अडीच तासात मी एक केळं खाऊन होते. हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर रस्ता जरा दूर गेल्यासारखा, आणि उगाच रडू यायला लागलं. भावाने सायकल बांधाच्या कडेला लावली, मला गवतात बसवलं आणि पिशवीतून तूरच्या बाजारात घेतलेली वाळवलेली नासपती काढली. या भागातला हा जुना प्रकार, नासपती भट्टीत हळूहळू वाळवायची आणि चपटी करायची, रिव्हारेन गाव त्यासाठीच ओळखलं जातं. चार खाल्ल्या, वर पाणी, वीस मिनिटांनी जग परत जागेवर आलं. तेव्हापासून घड्याळाला अर्ध्या तासाचा गजर लावला, वाजला की खायचं, भूक असो नसो.

पाण्याचंही सांगून टाकते. दुपारी साडेबारा ते तीन छोट्या गावांत दुकानं बंद असतात, बेकरीसुद्धा. बाटली भरायची तर गावाचं कब्रस्तान शोधायचं, फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतो. पिण्यासारखं नसेल तर बहुतेक ठिकाणी तशी पाटी असते, ती आधी बघायची. मला सुरुवातीला संकोच वाटला, पण एक आजी कबरीवरची कुंडी साफ करत होत्या, त्यांनीच हाताने खूण करून नळ दाखवला आणि बों कुराज म्हणाल्या, म्हणजे हिंमत ठेवा. त्या क्षणी मला त्याची फार गरज होती.

आव्हॉनपाशी अणुवीजकेंद्र लागतं. इथले कूलिंग टॉवर मुद्दाम बुटके बांधलेत, नदीखोऱ्याचं दृश्य बिघडू नये म्हणून, त्यामुळे लांबून टॉवर दिसत नाहीत, वाफ दिसते. आणि ती वाफ अगदी आडवी होऊन आमच्याकडे येत होती. वारा कुठून येतोय हे विचारायची गरजच उरली नाही.

कांद-सां-मार्तांला व्हिएन नदी ल्वारला मिळते. दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसतात. आणि मग मोंसोरोच्या पुढे, तुर्कां, पार्ने, सूझे या गावांच्या पट्ट्यात रस्ता नदी सोडून वर द्राक्षबागांमध्ये चढला. छोटासाच चढ. मी तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला! वेग कमी झाला म्हणून वारा कमी लागायला लागला, मी उभी राहिले, पाठ मोकळी झाली, पाय ओळखीच्या कामाला लागले. वर गेल्यावर चहूकडे काबेर्ने फ्रांक या वाईनच्या काळ्या द्राक्षांच्या ओळी, तारांवर ताणलेल्या, घड काळे निळे तयार. तोडणी नुकतीच सुरू झाली होती. ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून वेलींच्या वरून चालणारी ती उंच मशीनं, त्यांच्यामागे ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेला रस आणि चिखल, आंबट-गोड वास. रसाच्या जागी वळताना सायकल एकदा घसरली पण पडले नाही. पंक्चर मात्र झालंच. टायरमध्ये गारगोटीचा नखाएवढा कपचा घुसला होता. ट्यूब बदलताना शेजारच्या ओळीतला माणूस येऊन बघून गेला, परत आला तो द्राक्षांचा एक घड घेऊन. मणी छोटे, साल जाड, बी मोठं, खायच्या द्राक्षांसारखे नाहीतच, पण गोडी जबरदस्त.

सूझेमध्ये रस्ता चक्क खडकाच्या पोटातून जातो. इथला दगड तुफो, मऊ पिवळट-पांढरा चुनखडक, इथले किल्ले, घरं सगळी त्याचीच, आणि दगड काढून ज्या पोकळ्या झाल्या त्यात लोक राहिले, आता तिथे वाईन ठेवतात, अळंबी वाढवतात. आत शिरलो आणि वारा बंद. एकदम. पाच तास कानात सुरू असलेला आवाज थांबला आणि मला माझ्या चेनचा आवाज ऐकू आला. दोघंही काही न बोलता थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

सोम्यूरला पोचलो तेव्हा चालवण्याची वेळ चार तास वीस मिनिटं, सरासरी १७.३. रात्री वाईन थोडीशी घेतली, पण मुक्कामाला पोचल्यावर. वाटेत जागोजागी चाखायला बोलावतात, पण तिथे दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू असते, आणि तसंही वाऱ्यात दमलेल्या माणसाने चाखून परत सायकलवर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या काठाने परत. वारा तोच, पश्चिमेचा, पण आता पाठीशी. हा अनुभव कसा सांगू. तिशीत स्पीड, आणि कानात आवाजच नाही, कारण वारा आणि आपण जवळपास एकाच वेगाने जातोय. फक्त ऊन जास्त लागतं आणि घाम वाळत नाही, पाणी दुप्पट प्यायले. ल्वारच्या बांधावरून जाणारा डी ९५२ रस्ता वेगवान गाड्यांचा आहे, तो आम्ही शक्य तिथे टाळून आतल्या गावांतून गेलो.

चूझेला नदीवर बोटींचा जुना धक्का आहे, तिथे केळं खात बसलो असताना भावाने सांगितलेली गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. रेल्वे यायच्या आधी या नदीवर माल न्यायला सपाट तळाच्या बोटी चालायच्या. खाली समुद्राकडे जायचं तर नदीच्या प्रवाहाबरोबर, आणि वर यायचं तर मोठं चौकोनी शीड उभारून पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर. प्रवाह एकीकडे, वारा बरोबर उलट. वर येताना बोटी एकामागे एक बांधायचे, पुढच्या बोटीचं शीड सगळ्यात मोठं, मागच्यांची लहान लहान होत जाणारी, आणि पूल आला की डोलकाठी आडवी करायची. म्हणजे या नदीच्या लोकांना शेकडो वर्षं माहीत होतं की पश्चिमेकडे जायचं तर पाण्यावरून आणि पूर्वेकडे यायचं तर वाऱ्यावरून. आम्हाला पश्चिमेकडे न्यायला प्रवाह नव्हता, फक्त वारा होता, तोही तोंडावर.

बूर्गय, रेस्तिन्ये, बनेचा पट्टा पूर्ण द्राक्षांचा. खाली नदीजवळ रेती आणि गोट्यांची जमीन, वर उत्तरेकडे तुफोचा उतार, आणि एकाच द्राक्षाची दोन्हीकडची वाईन वेगळी लागते असं तिथले लोक सांगतात. बागांमध्ये मधेच उंच खांबावर विमानासारखा पंखा दिसतो. मला वाटलं वीज बनवतात. तसं नाही. एप्रिलमध्ये रात्री आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला की थंड हवा सपाट जमिनीवर साचते आणि कोवळे कोंब जळतात, २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर असं मोठं नुकसान झालं होतं. तो पंखा वरची त्यातल्या त्यात उबदार हवा खाली ओढतो. आदल्या दिवशी मी ज्या वाऱ्याला कंटाळले होते तो नसला तर या माणसांना तो यंत्राने तयार करावा लागतो. हे कळल्यावर त्याच्याबद्दल मनात जो राग होता तो गेला.

लांझेच्या पुढे पहिल्यांदा मी पुढे राहिले. भाऊ मागे. आदल्या दिवशी जवळजवळ पूर्ण वेळ त्यानेच हवा फोडली होती आणि आता त्याचे गुडघे बोलत होते. मी स्पीड बांधून ठेवला, एकोणतीस, झटका नाही, खड्डा आला की हाताने खूण, वळणाआधी ओरडून सांगायचं. मागून आवाज आला, “ताई, छान चाललंय, असंच ठेव,” आणि मला खरंच भरून आलं.

तूरमध्ये शिरताना त्याने मुद्दाम वाट वाकडी करून अव्हेन्यू द ग्रामाँला नेलं. पारी-तूर ही १८९६ पासूनची रेस इथे संपते. सपाट आणि वेगवान म्हणून ती ओळखली जाते, २०१५ साली मात्तेओ त्रेन्तिनने ती ताशी ४९.६४ च्या सरासरीने जिंकली. २०१८ पासून शेवटच्या टप्प्यात द्राक्षबागांमधले कच्चे रस्तेही घातलेत. आम्ही त्या रस्त्यावर सिग्नल पाळत, ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडत, शांतपणे आलो.

घरी आकडे मांडले. येताना सत्तर किमी, दोन तास पंचवीस मिनिटं, सरासरी २९. दोन दिवसांच्या सरासरींची सरासरी तेवीस येते, पण खरी एकूण सरासरी साडेएकवीस, कारण वाऱ्यात वेळच जास्त जातो, त्यामुळे येताना कितीही पळवली तरी जातानाचं भरून येत नाही. भाऊ हसून म्हणाला की मग उलटं करूया, आधी ट्रेन. प्रादेशिक ट्रेनमध्ये सायकल टांगायला हूक असतात. सोम्यूरच्याही पुढे, आँझेपर्यंत ट्रेनने जायचं आणि तिथून पाठीवर वारा घेत वर यायचं, त्या जुन्या शिडाच्या बोटींसारखं, मोठं शीड पुढे. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरची तारीख ठरवून टाकली आहे, पुढे कोण राहणार तेही ठरलंय.